बखर छापा, पण तिचा काळ पुसू नका

शिवचरित्राच्या बखरी नव्याने छापणाऱ्या सर्व प्रकाशकांना आणि त्यांच्या संपादक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

शिवजयंती जवळ आली की पुस्तकांच्या दुकानांत बखरींच्या नव्या आवृत्त्यांची चळत लागते. सभासदाची बखर, चिटणिसांची बखर, एक्क्याण्णव कलमी, शिवदिग्विजय. जुन्या संपादकांचे हक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे कोणीही छापावे आणि स्वस्तात विकावे. तरुण मुले खिशातले पैसे मोडून बखर विकत घेतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्या हातात जे पडते ते पाहून गप्प बसवत नाही. प्रस्तावना गाळलेली. तळटिपा काढलेल्या. पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतले मजकुराचे फरक, पुसलेले. मूळ भाषा 'सोपी' केलेली, आणि ती कोणी केली त्याचे नाव नाही. मजकूर कोणत्या पोथीवरून, कोणाच्या आवृत्तीवरून घेतला त्याचा पत्ता नाही. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत 'अस्सल', 'संपूर्ण', 'समकालीन'.

आम्ही मोडी वाचणारी, पोथ्या आणि कागद ताडून पाहणारी माणसे आहोत. व्याख्याते, शाहीर, मालिकांचे लेखक, शाळेतले शिक्षक, सगळे आमच्यासमोर तुमचेच पुस्तक उघडून धरतात आणि म्हणतात, "बखरीत आहे की!" कोणत्या बखरीत, कोणी आणि कोणासाठी लिहिलेल्या, याचे उत्तर त्या पुस्तकात नसते. महाराजांच्या चरित्रावरून आज जे वाद पेटतात, त्यांतले कितीतरी या एका उत्तरानेच विझतील. ते उत्तर तुम्ही छापत नाही, ही आमची मूळ तक्रार आहे. बाकीच्या तिच्याच पोटातल्या आहेत.

बखर म्हणजे कोणीतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून, एका विशिष्ट वेळी लिहिलेला वृत्तान्त. सभासदाचेच घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली, १६९० च्या दशकात. तेव्हाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने क्रूरपणे मारले, त्याच वर्षी रायगड पडला, आणि नवे छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात, तेव्हाच्या कर्नाटकात म्हणजे आजच्या तामिळनाडूत, मोगली वेढ्याला तोंड देत होते. अशा वेळी मुलगा आपल्या वडिलांच्या पदरच्या जुन्या माणसाला विचारतो की, थोरल्या महाराजांनी एवढे राज्य उभे केले ते कसे? सभासद जे लिहितो ते या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून त्यात गड, कारखाने, लष्कराची शिस्त, माणसांची नावे ठासून भरलेली आहेत. म्हणूनच संभाजी महाराजांविषयी त्याचा हात आखडता आहे. आणि म्हणूनच राज्याभिषेकापाशी आल्यावर मऱ्हाटा पातशहा एवढा छत्रपती झाला, "ही गोष्ट काही सामान्य झाली नाही" हे वाक्य तो लिहितो. वेढ्यात अडकलेल्या दरबारासाठी लिहिलेले वाक्य म्हणून ते वाचले की अंगावर काटा येतो. तुमच्या आवृत्तीत जिंजीचा उल्लेखच नसेल, तर वाचकाला ते नुसते कौतुकाचे वाटते.

मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८१० च्या आसपासची, साताऱ्याच्या धाकट्या शाहू महाराजांच्या आज्ञेने लिहिलेली. महाराजांच्या निधनाला तेव्हा १३० वर्षे होऊन गेली होती. लेखक बाळाजी आवजी चिटणिसांच्या वंशातला, त्यामुळे घराण्याची कामगिरी त्यात उठून दिसणार, हे ओघानेच आले. सत्ता पेशव्यांच्या हाती आणि छत्रपती साताऱ्यात नावापुरते, अशा काळातली ही बखर आहे. तिच्यातला शिवाजी राजा सभासदाच्या राजापेक्षा अधिक पोथीतला, अधिक शास्त्रोक्त आहे. तिचेही मोल आहे, पण ते १८१० च्या सातारा दरबाराला महाराज कसे दिसत होते हे सांगणारे मोल आहे. १६५९ साली प्रतापगडाखाली काय घडले याची साक्ष म्हणून तिला सभासदाच्या पंक्तीला बसवता येत नाही. एक्क्याण्णव कलमीच्या प्रतींत मजकूर सारखा नाही. संपादक वाकसकरांनी त्या प्रती ताडून छापल्या त्या याचसाठी. आणि शिवदिग्विजय? ती १८९५ साली बडोद्यात छापून आली, तिचा काळ १७१८ असल्याचे सांगितले गेले, पण भाषा आणि त्यातली लांबलचक भाषणे उघड उघड फार नंतरची आहेत. जदुनाथ सरकारांपासून अनेकांनी हे दाखवून दिले, त्याला सुमारे शंभर वर्षे झाली. तरीही तुमच्यापैकी काही जण तिच्यावर 'समकालीन' असा शिक्का मारून विकतात. हे कृपा करून थांबवा.

आता एक प्रसंग जवळून पाहू, म्हणजे काळ पुसल्याने काय बिघडते ते कळेल.

सिंहगड. जेधे शकावली हा कारीच्या जेधे घराण्याच्या दप्तरातला तिथीवार टिपणांचा कागद, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेला. त्यात या प्रसंगाला जेमतेम एक ओळ आहे : शके १५९१, माघ वद्य ९, सिंहगड घेतला, तानाजी मालुसरे पडले. तारीख ४ फेब्रुवारी १६७०. सभासद ही ओळ फुलवतो. तानाजी हा मावळ्यांचा हजारी. तो गड घ्यायचे कबूल करतो, वस्त्रे आणि विडे घेतो, पाचशे माणसांनिशी गडाखाली जातो. दोन निवडक मावळे रात्री कड्यावरून वर चढवतो, वानर चढतात तसे. तानाजी पडल्यावर भाऊ सूर्याजी माणसे सावरतो आणि गड हाती आणतो. मग पागेचे खण पेटवून देतात, त्याचा उजेड महाराज राजगडावरून पाहतात आणि ओळखतात की गड घेतला. तानाजीची बातमी कळल्यावर महाराजांच्या तोंडी सभासदाने घातलेले शब्द असे : "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

सभासदाकडे एवढेच आहे, आणि एवढ्यातच केवढे आहे ते पाहा. यात घोरपड नाही. रायबाचे लग्न नाही. शेलारमामा नाहीत. हे सगळे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून येते, आणि पोवाड्याचे काम वेगळे असते. त्याला ऐकणाऱ्यांची रात्र जागती ठेवायची असते, म्हणून गडाचा किल्लेदार उदेभान याला चंद्रावळी हत्ती मिळतो, सिद्दी हिलाल मिळतो, मोठा जनानखाना मिळतो. जाताजाता एक व्यवहाराची गोष्ट : पूर्ण वाढलेली घोरपड वजनाने काही किलोंचीच असते. दोरावरून चढणाऱ्या गड्याचा भार ती कातळाला धरून पेलत नाही. कड्यावर चढणारे ते दोन मावळे होते, आणि त्यांचे श्रेय आपण एका जनावराला देऊन बसलो आहोत.

पुढे 'गड आला पण सिंह गेला' हे शब्द कादंबरीच्या मथळ्यातून घरोघरी गेले आणि तानाजीमुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, असे लोक सांगू लागले. परंतु ३ एप्रिल १६६३ च्या महाराजांच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव स्पष्ट आले आहे, म्हणजे तानाजी पडायच्या सात वर्षे आधी. आता तुमच्या आवृत्त्यांकडे या. 'सोप्या मराठीतली सभासदाची बखर' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत सभासदाच्या वाक्याच्या जागी कादंबरीचे वाक्य बसवलेले आम्ही पाहिले आहे. घोरपडही सभासदाच्या पोटात शिरलेली पाहिली आहे. संपादकाला वाटले असेल की वाचकाला ओळखीचे वाटावे. पण यामुळे सतराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी विसाव्या शतकातले शब्द गेले, आणि उद्या कोणी 'सभासदात आहे' म्हणून त्याचाच आधार देणार. दंतकथेच्या थरांवर आज तुम्ही आणखी एक थर चढवत आहात, आणि तोही सभासदाच्या नावावर.

अफजलखानाच्या भेटीचेही तसेच आहे. कवींद्र परमानंदाचे संस्कृत शिवभारत खुद्द महाराजांच्या इच्छेने, त्यांच्या हयातीत लिहिलेले. तंजावरला सापडलेल्या पोथीवरून स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली मराठी भाषांतरासह छापले. परमानंदाच्या वर्णनात खान मान पकडून कट्यार चालवतो आणि महाराज कृपाणाने त्याचे पोट फाडतात. वाघनखांचे नाव नाही. सभासदाकडे वाघनखही आहे आणि बिचवाही आहे. संभाजी कावजी आणि जिवा महाला ही मंडळीही सभासदाने नावानिशी दिली आहेत. नंतरच्या बखरींत शस्त्रे, संवाद, शकुन वाढत जातात. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे मुदतीच्या बोलीवर साताऱ्यात आणली गेली. त्यांच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो की, शिवाजीने 'मोगल सेनापतीला' मारले ते हे शस्त्र, आणि ते साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिले. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. हीच वाघनखे महाराजांची होती याची खातरी देता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच म्हटले आहे. ज्या वाचकाला शिवभारत, सभासद आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ यांचा क्रम माहीत आहे, तो ही पेटी पाहून गोंधळत नाही. तुमच्या वाचकाला तो क्रम सांगणारे एक पानसुद्धा तुम्ही ठेवलेले नाही.

इथे आमच्याबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. बखरीतले उडवायचे आणि महाराजांना लहान करायचे, असा हा उद्योग नाही. दंतकथा वाटणाऱ्या गोष्टी कधी कधी समकालीन कागदात पक्क्या सापडतात, पण कागद आणि बखर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही. प्रतापराव गुजरांचे पाहा. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरी. सभासद मोठे युद्ध झाल्याचे आणि सरनौबत, म्हणजे सेनापती प्रतापराव, पडल्याचे लिहितो, सात वीरांचा उल्लेख करत नाही. त्यावरून 'सात' ही कवींची कल्पना, असे कोणी ठरवले तर ते चुकेल. इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये मुंबईच्या इंग्रजांना कळवले की, दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह पडला, बाकीचे सैन्य त्याच्यासोबत राहिले नाही. म्हणजे सातचा आकडा दोन महिन्यांच्या आतला आहे. सहा जणांची जी नावे आज फलकांवर आणि पडद्यावर दिसतात, त्यांना मात्र समकालीन आधार नाही. शास्ताखानावरच्या छाप्याचेही असेच आहे. सभासद म्हणतो खानाची तीन बोटे तुटली, मोगल इतिहासकार खाफीखान म्हणतो अंगठा तुटला. राजापूरच्या इंग्रजांचे १२ एप्रिल १६६३ चे पत्र, छाप्यानंतर आठवड्याभरातले, महाराजांच्याच पत्राचा हवाला देऊन सांगते की चारशे निवडक माणसे नेली, सहा पडली, चाळीस जखमी झाली. या आकड्यांनी महाराज लहान होतात का? चारशे माणसांनिशी मोगल सुभेदाराच्या ऐन छावणीत शिरायचे आणि सहा गमावून परत यायचे, याहून मोठे काय लिहायचे?

शत्रूच्या लेखणीचीही दखल घ्यायला हवी. खाफीखान महाराजांना शिव्या मोजतो, आणि तोच लिहितो की लुटीत मशीद, कुराण आणि कोणाच्याही बायकांना हात लावायचा नाही, असा त्यांचा सक्त नियम होता. बखरीतल्या दहा स्तुतींपेक्षा या एका कबुलीचे वजन जास्त आहे. तुमच्या परिशिष्टात ती कुठेच नसते.

बखरी काय गाळतात, हेही वाचकाला दिसू द्या. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक सभासदाने थाटात वर्णिला आहे. पण त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, आश्विन शुद्ध पंचमीला, निश्चलपुरी गोसाव्याने तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला. तो 'शिवराज्याभिषेककल्पतरु' या संस्कृत ग्रंथात सविस्तर आहे आणि सभासदात नाही. पहिल्या अभिषेकानंतरचे अपशकुन, त्यात जिजाऊसाहेबांचा मृत्यू, निश्चलपुरीने कारण म्हणून पुढे केले. दोन पंथांच्या दोन विधींपैकी दरबारी लेखकाने एक ठेवला आणि एक सोडला, हे समजल्यावर बखर कशी घडते ते वाचकाला आपोआप कळते. त्याच सोहळ्याला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन सिंहासनाशेजारी सोनेरी भाल्यांवर टांगलेली मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू टिपतो, आणि दारातले दोन लहान हत्ती एवढ्या अवघड वाटेने वर आले कसे याचे नवल करतो. हे सभासदाच्या पानासमोर छापायला अर्धे पान लागते.

महाराजांच्या निधनाच्या दिवशी, ३ एप्रिल १६८० रोजी, सभासद भूकंप, धूमकेतू, रात्री निघालेले जोड इंद्रधनुष्य आणि शंभुमहादेवाच्या तळ्याचे पाणी लाल झाल्याचे लिहितो. पुराणांत थोर पुरुष गेल्यावर असेच घडते, तीच ही रीत. पण धूमकेतू कोरा कल्पनेतला नसावा. १६८० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एक प्रचंड धूमकेतू साऱ्या जगाने पाहिला. चौदा-सतरा वर्षांनी जिंजीला बसून लिहिणाऱ्या माणसाने तो आठवणीतून आणून चैत्री पौर्णिमेवर ठेवला असावा, असे आम्हाला वाटते. अशी एक तळटीप सभासदाला खोटे पाडत नाही. तो कसा आठवत होता, हे ती दाखवते.

आता छपाईच्या आणि संपादनाच्या चुका, कारण त्या तुमच्या हातातल्या आहेत.

तिथ्यांचे इसवी सनात रूपांतर करताना सरसकट ७८ मिळवले जातात. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, त्यामुळे पौषाच्या पुढे, म्हणजे जानेवारी उजाडल्यावर, ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ फाल्गुन म्हणजे १६३०. काही आवृत्त्यांनी १६२९ छापून महाराजांचे वय एका वर्षाने वाढवले आहे. दुसरे, आपल्याकडच्या अभ्यासकांनी वापरलेल्या शिवकालीन तारखा ज्युलियन पंचांगाच्या आहेत, कारण इंग्रज तेव्हा तेच वापरत होते. जेधे शकावलीत जन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. मोबाइलवरच्या दिनदर्शिकेत १९ फेब्रुवारी १६३० टाकली की मंगळवार येतो, आणि मग 'जेधे शकावली चुकली' असे लेख फिरू लागतात. ग्रेगोरियनला दहा दिवस पुढे जाऊन १ मार्च १६३० पाहा, शुक्रवारच आहे. पोर्तुगीज आणि फ्रेंच कागदांत हा दहा दिवसांचा फरक आधीच धरलेला असतो, म्हणून गोव्याच्या कागदातली तारीख आणि मुंबईच्या कागदातली तारीख शेजारी छापताना कोणती कोणत्या पंचांगाची ते सांगणे भाग आहे. तिसरे, संवत्सराचे नाव गाळू नका. ते साठ वर्षांचे चक्र असते आणि वाचनातली चूक तिथेच पकडता येते. १५५१ ला शुक्ल, १५९६ ला आनंद. सभासदाच्या बखरीचा काळ कोणी १६९४ देतो, कोणी १६९७. शके १६१६ चा संवत्सर भाव, १६१९ चा ईश्वर. तुमच्यासमोरच्या पोथीत कोणते नाव आहे तेवढे छापा, वाचक स्वतः ताडून पाहील.

मापांचेही तेच. सभासद सिंहासन ३२ मण सोन्याचे सांगतो. तुम्ही कंसात किलो टाकता. मण चाळीस शेरांचा खरा, पण शेर गावोगाव आणि जिनसागणिक वेगळा होता. इंग्रजी अमलातला पक्का मण धरला तर सुमारे ११९० किलो येतात, लहान मण धरला तर आकडा खूप खाली जातो. कोणता मण धरला ते न सांगता किलो छापणे म्हणजे सभासदाच्या नावावर आपले गणित खपवणे. ३२ मण असेच छापा आणि खाली टीप द्या.

मोडीबद्दल थोडे. ओळ आधी पानभर ओढून घ्यायची आणि तिला अक्षरे लटकवायची, अशी ती लिपी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, विरामचिन्हे नसतात. 'राा' म्हणजे राजश्री, तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र. शब्द कुठे तोडायचा, वाक्य कुठे संपवायचे, हे सगळे संपादकाने ठरवलेले असते. का. ना. सान्यांनी काव्येतिहाससंग्रहाच्या काळापासून प्रती ताडताना जिथे शंका होती तिथे पाठभेद दिले. ते तुम्ही 'वाचकाला अडथळा' म्हणून उडवलेत. त्यामुळे एका नकलनविसाचा अंदाज ब्रह्मवाक्य होऊन बसला. समासात कोणी वाचकाने लिहिलेली नोंद पुढच्या नकलेत मजकुरात घुसते, ही तर पोथ्यांतली नेहमीची गोष्ट आहे. दोन प्रती शेजारी ठेवल्या की ती सापडते, एकच प्रत टाइप करून छापली की सापडत नाही.

भूगोलाची एक चूक तर सगळ्यांत सोपी. सभासद बादशहाची भेट दिल्लीला झाल्याचे लिहितो. भेट आग्र्याला झाली, १२ मे १६६६ ला. जयपूरच्या दप्तरातल्या राजस्थानी पत्रांत, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या माणसांनी त्याच दिवसांत लिहिलेल्या, सगळा दरबार आहे. महाराज अंगाने बारीक, ठेंगणे आणि गोरे दिसतात, हेही त्या पत्रांत आहे. काही आवृत्त्यांनी सभासदाची 'दिल्ली' गुपचूप बदलून 'आग्रा' केली आहे. असे करू नका. सभासदाची चूक सभासदाकडे राहू द्या आणि खाली टीप द्या. लेखकाला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे त्याच्या चुकांतूनच कळते.

आमच्या मागण्या या आहेत.

मुखपृष्ठामागच्या पानावर बखर कोणी, कोणासाठी, कुठे, केव्हा लिहिली, कोणत्या हस्तलिखितावरून किंवा कोणत्या छापील आवृत्तीवरून मजकूर घेतला आणि भाषेत कोणी काय बदलले, हे लिहा. १७०० नंतरच्या बखरीवर 'समकालीन' हा शब्द छापू नका. डाव्या पानाला मूळ भाषा आणि उजव्या पानाला आजची मराठी ठेवा. दोन बखरींचा मजकूर एकत्र कालवू नका. जुन्या संपादकांच्या प्रस्तावना आणि पाठभेद परत आणा. तिथी, वार, संवत्सर मूळ रूपात ठेवून ज्युलियन तारीख कंसात द्या. आणि शेवटी एक परिशिष्ट जोडा, ज्यात अफजलखान, शास्ताखान, आग्रा, सिंहगड, नेसरी आणि राज्याभिषेक या सहा प्रसंगांपुरता तरी शिवभारत, जेधे शकावली, सभासद, चिटणीस आणि परकीय कागद यांचा मजकूर शेजारी शेजारी असेल. ज्या आवृत्त्या विकून झाल्या आहेत, त्यांच्यासाठी शुद्धिपत्र काढून आपल्या संकेतस्थळावर ठेवा.

खर्च वाढेल, हे आम्हाला माहीत आहे. मूळ भाषा समोरासमोर घेतली की पाने जवळजवळ दुप्पट होतात, ते या वर्षी जमत नसेल तर पुढच्या आवृत्तीत करा. पण परिशिष्ट आणि टिपा दोन फर्म्यांत, म्हणजे ३२ पानांत बसतात. मुखपृष्ठावरचा सोनेरी वर्ख काढला तरी त्यातला काही भाग सुटेल. टिपा लिहायला, तिथ्या तपासायला आणि मोडी प्रती ताडून द्यायला आम्ही मोबदला मागत नाही. पुढच्या शिवजयंतीची आवृत्ती छापायला जाण्याआधी प्रुफे दाखवा. दुरुस्त्या पानवार, कारणांसह लिहून देऊ. ज्या प्रकाशकांना हे मान्य नसेल, त्यांच्या आवृत्तीतल्या चुका आम्ही त्याच रीतीने, पान आणि ओळ देऊन, जाहीर करणार आहोत.

कळावे, लोभ असावा.

मोडी वाचणारे आणि बखरींच्या प्रती ताडणारे काही अभ्यासक